दीपमाला मेश्रामचे रविवार

पूर्णिमा देशकरने दीपमाला मेश्रामला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दीपमालाच्या डाव्या कोपरात मुरूम रुतलेला होता.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये पूर्णिमा रक्त-लघवी तपासायची. त्या रविवारी ड्रेसिंग करणारी बाई रजेवर होती, म्हणून डॉक्टरांनी तिलाच आत बोलावलं. खुर्चीवर अडतिशीची एक उंच, सावळी बाई बसलेली. सलवारीचे पाय मोज्यांत खोचलेले, अंगभर लाल धूळ, आणि चेहऱ्यावर दुखल्याचं काही नाही.

"गाडीवरून पडल्या का?" पूर्णिमाने चिमट्याने खडे काढता काढता विचारलं.

"सायकलवरून."

"कोणी ठोकलं?"

"नाही. उतार होता."

पूर्णिमाचा हात थांबला. तिचा जन्म वर्ध्याचा, पण लग्न होऊन रायपूरला आल्याला नऊ वर्षं झाली होती आणि या शहरात तिने पुलाच्या उताराखेरीज दुसरा उतार पाहिला नव्हता. "रायपुरात उतार कुठून आला बाप्पा?"

"खदानीत आहे ना. मंदिर हसौदच्या पलीकडे, बंद पडलेल्या दगडाच्या खदानी. खाली उतराले मस्त वाट झाली आहे. पाहाचा असला तर या पुढच्या रविवारी."

असं कोणी अनोळखी बाईला बोलावतं का? पण दीपमालाने बोलावलं, आणि पूर्णिमा गेली. का गेली हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी नवऱ्याला, शेखरला, तिने एवढंच सांगितलं, की जरा फिरून येते. शेखरने वर्तमानपत्रातून मान वर करून पाहिलं. दोन वर्षांत ती आपणहून पहिल्यांदाच कुठे निघाली होती.

दीपमाला रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये, मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात, फिटर होती. तिचे वडील भैय्यालाल तुमसरकडच्या एका खेड्यातून या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि नोकरीत असतानाच वारले. दीपमाला तेव्हा एकवीस वर्षांची, धाकटा भाऊ प्रशिक शाळेत, आणि आई शेवंता घराबाहेर कधी एकटी न गेलेली. अनुकंपा तत्त्वावर दीपमालाला खलासी म्हणून, म्हणजे हाताखालच्या कामाला, घेतलं. पहिलं वर्षभर पुरुषांनी तिला झाडू आणि चहाच्या किटलीच्या पुढे जाऊ दिलं नाही. मग एका म्हाताऱ्या फिटरने तिला मालगाडीच्या डब्याचे ब्रेक कसे बांधतात ते दाखवलं, आणि तिने ते असं उचललं, की पुढे साहेबलोक अडलेल्या डब्यापाशी तिलाच बोलवायला लागले.

जाड टायरची गिअरवाली सायकल तिला अशीच मिळाली. बदली झालेल्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्यामागे ती गंजत पडली होती, गिअर तुटलेला. घेऊन जा, म्हणाले ते. महिनाभरात दीपमालाने तिचा सांगाडा सोडून सगळं उघडलं, धुतलं, बसवलं. ही सायकल डोंगरासाठी असते हे तिला कळलं, तेव्हा तिने डोंगर शोधला. तो नव्हता. मग तिने खदान शोधली. जमिनीच्या वर डोंगर नसेल तर जमिनीच्या खाली तर आहे, असा तिचा हिशेब.

त्या पहिल्या रविवारी दीपमालाने पूर्णिमाला प्रशिकची जुनी सायकल दिली आणि सीट खाली केली.

"दोन बोटं ब्रेकवर, बाकीची हँडलवर. उतारावर बुड मागे न्याचं. पुढचा ब्रेक एकदम नाही दाबाचा, नाहीतर सायकल इथंच राहील अन् तू खाली जाशील."

"अन् भीती वाटली तर?"

"वाटतेच. मले आताही वाटून राहिली."

पूर्णिमा खाली गेली. फार खोल नव्हतं, दोन मजली घराएवढं असेल. खाली पोचली, आणि मग कोणतंही कारण नसताना ती रडायला लागली. हुंदके देऊन, थांबता न येणारं. दीपमाला तिच्या मागोमाग उतरली, सायकल आडवी टाकली, आणि शेजारी दगडावर बसून डबा उघडला. रडं ओसरल्यावर धिरड्यांचा डबा पुढे सरकवला. "चिला आहे. चटणी तिखट आहे, जपून."

त्यानंतर बहुतेक रविवार तसेच गेले. शेखरने तिला सायकल आणून दिली. पहाटे तेलीबांध्याच्या तलावापाशी दीपमाला उभी असायची, आणि तिथून दोघी निघायच्या.

चार-पाच महिन्यांनी, खदानीच्या काठावर बसलेल्या असताना, पूर्णिमाने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात, दिवस भरायच्या आधीच, तिचं बाळंतपण झालं होतं. मुलगी. दीड दिवस जगली. आता पुन्हा मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात त्यानंतर कोणी तो विषय काढत नसे. सगळे तिला जपत होते, आणि त्या जपण्यात ती मुलगी झालीच नव्हती असं होऊन बसलं होतं.

दीपमालाने ऐकून घेतलं. चेनमधलं गवत काढलं. मग म्हणाली, "नाव ठेवलं होतं का?"

हा प्रश्न पूर्णिमाला कोणीच विचारला नव्हता. सासूने नाही, आईने नाही, शेखरनेही नाही.

"मनातल्या मनात ठेवलं होतं. मंजिरी."

"मंजिरी," दीपमाला म्हणाली. "चांगलं आहे."

तेवढंच. पण पुढच्या वर्षी एका रविवारी चढावर सायकल ढकलता ढकलता ती सहज म्हणाली, "या महिन्यात मंजिरी तीन वर्षांची झाली असती ना." पूर्णिमा जागच्या जागी उभी राहिली. नंतर दर वर्षी त्या महिन्यात दीपमाला एकदा ते नाव घ्यायची. कधी म्हणायची, आता शाळेत गेली असती, कधी म्हणायची, आता आपल्याले सायकल मागितली असती. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही.

सगळंच काही गोड नव्हतं. सुरुवातीला दीपमाला देशकरांच्या घरी आली, तेव्हा पूर्णिमाच्या सासूबाईंनी, पद्मिनीबाईंनी, तिला आडनाव विचारलं. मेश्राम, म्हणाली ती. चहा आला. सगळ्यांना कपात, दीपमालाला स्टीलच्या ग्लासात. पूर्णिमाने ते पाहिलं आणि गप्प बसली. दीपमाला चहा प्यायली, तिने ग्लास स्वतः धुऊन पालथा घातला, आणि पुढचं वर्षभर ती फाटकाच्या आत आली नाही.

"घरात काहून येत नाही दीदी?" पूर्णिमाने शेवटी विचारलं.

"तुले माहीत आहे."

माहीत होतंच. त्या संध्याकाळी पूर्णिमाने तोच ग्लास काढला आणि त्यात आपला चहा ओतून सासूबाईंसमोर प्यायली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. दहा-बारा दिवस असंच चाललं. मग एका सकाळी ग्लास मांडणीवर नव्हता. तो कुठे ठेवला हे पद्मिनीबाईंनी कधी सांगितलं नाही, आणि तुझं चुकलं नाही असंही म्हणाल्या नाहीत. पूर्णिमाने दीपमालाला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एक वर्ष लावलंस." रागावून नाही, पण सोडूनही दिलं नाही तिने. पूर्णिमाला ते वाक्य अजून बोचतं, आणि दीपमालाने ते बोलून दाखवलं याचं बरंही वाटतं.

दीपमाला पुन्हा त्या घरात आली ती पूर्णिमाला धरून. गरियाबंदकडच्या जंगलात, मुळांनी भरलेल्या उतारावर पूर्णिमाचं पुढचं चाक अडकलं आणि ती खांद्यावर पडली. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. दीपमालाने पिशवीतली जादा ट्यूब काढली, तिची झोळी करून हात गळ्यात बांधला, आणि दोन्ही सायकली दोन हातांनी ढकलत सहा किलोमीटर चालली. वाटेत पूर्णिमाला चक्कर यायला लागली, तशी दीपमाला कारखान्यातल्या गोष्टी सांगत सुटली. पाहणी करायला आलेले साहेब डब्याखाली शिरले आणि ग्रीसमध्ये टोपी सोडून आले, ती गोष्ट तिने तीनदा सांगितली. पूर्णिमाला हसलं की दुखायचं आणि ती म्हणायची, "हसवू नको न दीदी." तरी दीपमाला सांगायची. पहिल्या गावात हातपंपावर बायका होत्या. "का होगे बहिनी?" म्हणत त्या धावत आल्या, खाट काढली, आणि एकाच्या ट्रॅक्टरवर दोघींना रस्त्यापर्यंत सोडलं.

पुढचे दीड महिने दीपमाला ड्यूटी संपली की यायची, पूर्णिमाचे केस विंचरून वेणी घालून द्यायची. पद्मिनीबाई तिच्यापुढे कप ठेवायच्या. एकदा बशीत दोन करंज्याही ठेवल्या.

हळूहळू रविवारच्या टोळीत बायका वाढत गेल्या. बँकेतली एक, दोन शिक्षिका, बीरगांवच्या कारखान्यात पॅकिंग करणारी एक. शेवटी नऊ जणी झाल्या. पंक्चर कसं काढायचं, ब्रेक कसे कसायचे, हे दीपमालाने प्रत्येकीकडून करून घेतलं. स्वतः करून दिलं नाही. कोणी म्हटलं, तुम्हीच लावून द्या ना, तर ती हात मागे बांधून उभी राहायची. "मी काय जन्मभर तुह्या मागं पाना घेऊन फिरू?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती चढावर मागे पडायला लागली. दीपमाला आणि मागे, हे कोणी पाहिलंच नव्हतं. मांडीवर निळे डाग दिसत होते, ती म्हणाली सायकलचे आहेत. दात घासताना रक्त येतं म्हणाली, तेव्हा पूर्णिमाने तिला लॅबमध्ये यायला लावलं.

रक्त पूर्णिमानेच काढलं, पूर्णिमानेच मशीनला लावलं. आकडे आले. पांढऱ्या पेशी इतक्या, की आधी तिला नळी बदलली असं वाटलं. तिने काचपट्टीवर थेंब ओढला, रंग दिला, वाळू दिला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पंचवीस वर्षं ती हेच करत होती. काय पाहतो आहोत हे कळायला तिला डॉक्टर लागणार नव्हते. तरी तिने दुसरी पट्टी केली. मग ती दोन्ही पट्ट्या घेऊन आतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्यांनी पाहिलं, आणि चष्मा काढून ठेवला.

बाहेर बाकावर दीपमाला हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. पूर्णिमा दारात दिसताच तिने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"मशीन बिघडली का?"

"नाही."

"मग मी बिघडली. दुरुस्त होते का?"

"कधी कधी होते, दीदी. इलाज सुरू करावा लागेल. आजच."

"हव," म्हणाली दीपमाला, आणि उठली. "आईले मी सांगते. तू नको सांगू, तुले नाही जमणार."

रक्ताचा कॅन्सर होता. औषधांच्या दिवसांत तिला वारंवार रक्त लागायचं. वॅगन शॉपचे फिटर रांगेने आले, निम्म्या जणांनी आपल्या साहेबालाही सोबत आणलं. ज्यांनी तिला एके काळी झाडू धरायला लावला, त्यांतले दोघे आता निवृत्त झाले होते, तेही आले, पण वयामुळे त्यांचं रक्त घेतलं नाही. तरी ते दुपारभर बसून राहिले. रविवारच्या टोळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. प्रशिक उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुटला की थेट दवाखान्यात यायचा. त्याला मराठी कळे, पण बोलायचा हिंदीत. "दीदी को बोलो ना, थोड़ा खा ले," एवढंच तो पूर्णिमाला रोज सांगायचा.

ऑगस्टमध्ये रक्त स्वच्छ आलं. तो रिपोर्टही पूर्णिमाने काढला होता, आणि त्या दिवशी ती लॅबमधल्या खुर्चीवर नुसती बसून राहिली. नोव्हेंबरात दोघी सायकलवर निघाल्या. नवा रायपूरच्या कडेने सपाट मुरमाचा रस्ता, चार किलोमीटर. दीपमालाच्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. ती हळू चालवत होती, आणि फार खुशीत होती. एका बाभळीखाली थांबल्यावर पूर्णिमाने कित्येक महिने मनात घोळत असलेलं बोलायला घेतलं.

"दीदी, तू माह्यासाठी जे केलं ना..."

"काय केलं? सायकल शिकवली."

"मंजिरीचं नाव तू घेतलं. दुसऱ्या कोणी नाही घेतलं."

दीपमाला बाटलीतलं पाणी प्यायली. "मले माहीत होतं ना तिचं नाव," ती म्हणाली. "मग काहून नाही घेणार?"

जानेवारीत दुखणं उलटलं. डॉक्टर पुन्हा तीच औषधं द्यायची म्हणत होते. ती नको म्हणाली. पूर्णिमा समजवायला गेली, तेव्हा तिने तिचा हात धरला. "पहिल्या वेळी तुह्यं ऐकलं. आता तू माह्यं ऐक. घरी नेऊन टाक मले." घरी नेलं. वॅगन शॉपच्या वसाहतीमागे, प्रशिकने बांधलेल्या दोन खोल्यांत, मार्चमधल्या एका सकाळी ती गेली. आईने तिला चमच्याने पाणी पाजलं होतं, आणि त्यानंतर तिने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव अपुरा पडला. पूर्णिमाला बोलायला सांगितलं. तिने लिहून आणलेला कागद उघडला नाही. ग्रीसमधल्या टोपीची गोष्ट सांगितली, आणि ज्या फिटरांनी ती टोपी प्रत्यक्ष पाहिली होती ते रडता रडता हसायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर शेवंताबाईंनी तिला जवळ बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. मुलीचा हात धरूनच ती आयुष्यभर बाहेर पडलेली. "माह्यी पोरगी दर रविवारी कुठी जात होती, मी कधी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "मले दाखवतं का?"

पुढच्याच महिन्यात शेखरने गाडी काढली. गंगरेलच्या मागच्या बाजूला, धरणाच्या पाण्यापासून वर टेकड्यांत एक पाडा आहे, तिथे दोघी वर्षातून तीन-चारदा जायच्या. रस्त्यावर सुखबती नावाच्या बाईचं चहाचं छप्पर. गाडी थांबली तशी ती बाहेर आली, पूर्णिमाला ओळखलं, आणि गाडीत वाकून पाहायला लागली. "दीदी नइ आइस?"

पूर्णिमाने सांगितलं. सुखबती तिथेच जमिनीवर बसली. मग उठून तिने शेवंताबाईंना हाताला धरून आत नेलं, खाटेवर धुतलेली गोधडी अंथरली, आणि सांगायला लागली. पाड्यातल्या पोरींना नववीत सरकारी सायकली मिळतात. शाळा सात किलोमीटर, वाटेत उतार. सायकलींचे ब्रेक ढिले. दीपमाला इथे यायची तेव्हा आधी त्या सायकली ओळीने उभ्या करून घ्यायची आणि पोरींच्या हातात पाना द्यायची. आता इथल्या पोरींना ब्रेक कसता येतात. सुखबतीची थोरली आता धमतरीला नर्सिंग शिकत होती. ती याच उतारावरून चार वर्षं शाळेत गेली.

सुखबती छत्तीसगढीत बोलत होती, शेवंताबाई मराठीत विचारत होत्या, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळत होतं. पूर्णिमाला हे नवीन नव्हतं, तरी शेवंताबाईंच्या शेजारी बसून ते ऐकताना तिला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. शेवंताबाई मध्येच म्हणाल्या, "मले वाटे नुसती भटकते." आणि पदराने तोंड पुसलं.

बाहेर एक चणीने लहानशी पोरगी सायकल घेऊन उभी राहिली होती. यंदाच मिळालेली, मागचा ब्रेक लागत नव्हता. पूर्णिमाने गाडीतून पाना आणला आणि पोरीला खाली बसवलं. तार कशी ओढायची, नट कुठे धरायचा, ते दाखवलं, आणि पाना तिच्या हातात दिला. पोरीने जोर लावून पिळलं. शेवंताबाई छपराच्या दारात येऊन पाहत होत्या. वॅगन शॉपच्या फिटरची बायको आणि फिटरची आई, आयुष्यभर लोखंडाच्या गोष्टी ऐकलेली बाई. त्यांनी चाक हाताने फिरवून पाहिलं.

"ढिलं आहे अजून," त्या म्हणाल्या. "थोडं कस म्हणा तिले."

पोरीने अर्धा आटा आणखी दिला. मग सायकलवर बसून ती उतारापर्यंत गेली, ब्रेक दाबून थांबली, मागे वळून हसली, आणि खाली निघून गेली. शेवंताबाईंनी सुखबतीकडे आणखी एक चहा मागितला. शेखरने घरी निघायचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, बसू दे घडीभर.